तिचं स्वप्न कोणत्या रकान्यात?

(आपल्या संघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. सभेनंतर बऱ्याच गटांनी ‘हे आमच्या बैठकीत वाचायला पाहिजे’ असं सांगितलं, म्हणून जसं बोलल्या तसं छापत आहोत.)



सकाळपासून तुम्ही अहवाल ऐकला, ताळेबंद ऐकला, ठरावांना हात वर केले. जेवणंही झाली. कुणाला साडेचारची एसटी धरायची आहे, कुणाचं लेकरू मांडीवर झोपलंय. म्हणून मी लांबण लावत नाही.

मला विषय दिलाय ‘महिला आणि स्वप्नं’. खरं सांगते, विषय ऐकून मला घाम फुटला. कारण यावर बोलणं फार सोपं आहे. ‘मोठी स्वप्नं बघा, जिद्द ठेवा’ असं म्हणायचं, टाळ्या घ्यायच्या आणि खाली बसायचं. तुम्ही घरी गेल्यावर मात्र तेच पाणी भरायचं, तेच दळण, तोच हप्ता. मग त्या टाळ्यांचं काय करायचं? म्हणून मी आज एका पिक्चरची गोष्ट सांगते. तुमच्यातल्या काही जणींनी तो माझ्यासोबत बघितलाय.

मागच्या पावसाळ्यात फुलंब्री तालुक्यातल्या एका गावात आपलं हिशोब लिहिण्याचं प्रशिक्षण होतं. पाऊस असा लागला की नाल्याला पाणी आलं आणि संभाजीनगरहून येणारे प्रशिक्षक पलीकडेच अडकले. इकडे पस्तीस-चाळीस बायका घरचं सगळं उरकून येऊन बसलेल्या. प्रोजेक्टर लावलेला, आणि नवल म्हणजे लाईटही होती. एक मावशी म्हणाल्या, “मॅडम, आलोच हाओत तर कायतरी दाखवा की.” माझ्या लॅपटॉपमध्ये एकच मराठी पिक्चर होता, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’. समाजमंदिराच्या खिडक्यांना सतरंज्या लावल्या आणि भिंतीवर पिक्चर सुरू केला.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. परेश मोकाशी यांनी केलेला हा पिक्चर २००९ सालचा. त्या वर्षी भारताकडून ऑस्करसाठी हाच पाठवला होता. गोष्ट आहे दादासाहेब फाळक्यांची. नंदू माधव यांनी दादासाहेबांचं काम केलंय आणि विभावरी देशपांडे यांनी त्यांच्या बायकोचं, म्हणजे सरस्वतीबाईंचं.

दादासाहेब म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेले. छापखान्याचा धंदा होता, भागीदाराशी पटलं नाही, सोडून दिला. घरात बायको, लेकरं, आणि हाताला काम नाही. अशात १९११ साली मुंबईत गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा परदेशी पिक्चर बघितला. तिथंच डोक्यात बसलं, आपले राम-कृष्ण असे पडद्यावर चालताना का दिसू नयेत? आता शिकवायला कुणी नाही. कॅमेरा परदेशातून आणायचा. पुस्तकं वाचून आणि पिक्चर बघून बघून डोळ्यांवर इतका ताण आला की काही दिवस त्यांना दिसेनासं झालं. बरे झाले, तर विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि १९१२ मध्ये इंग्लंडला जाऊन कॅमेऱ्याची व्यवस्था करून आले.

इथपर्यंत आलो तेव्हा आमच्या समाजमंदिरात हसूच हसू. एक ताई म्हणाल्या, “आमच्याकडचा बी असाच. बोअर मारायचं डोक्यात घेतलं की म्हशीसुद्धा दिसत नाहीत त्याला.”

पिक्चर काढायचा होता राजा हरिश्चंद्राचा. पण तारामतीचं काम करायला बाईच मिळेना. पडद्यावर दिसणं म्हणजे अब्रू गेली, असं वाटायचं लोकांना. अगदी वेश्यावस्तीतल्या बायकांनीसुद्धा नाही म्हटलं. शेवटी एका हॉटेलात स्वयंपाकाचं काम करणारा साळुंके नावाचा पोरगा तारामती झाला. पिक्चरमध्ये काम करणाऱ्या पुरुषांनाही लोक नावं ठेवत. म्हणून फाळके त्यांना सांगायचे, कुणी विचारलं तर म्हणा, आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत. त्यावरून या पिक्चरचं नाव पडलं. मिशी काढायची वेळ आली तेव्हा तर आपल्या बायका अशा हसल्या की एका आजीला ठसका लागला.

आणि मग ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला. लोकांनी गर्दी केली. स्वप्न खरं झालं. भिंतीवर पिक्चर संपला, आम्ही टाळ्या वाजवल्या. मी उभी राहिले आणि शाळेतल्या बाईसारखं तात्पर्य सांगायला लागले. “बघितलंत ना, जिद्द असली की...”

तेवढ्यात मागून आवाज आला. या ताई बैठकीत कधी बोलत नाहीत. येतात, बचत देतात, सही करतात, जातात. त्या म्हणाल्या, “मॅडम, त्याचं सपान झालं खरं. पण तिचं काय होतं?”

मी विचारलं, “कुणाचं?”

“त्याच्या बायकोचं. दागिने तिनं दिले. माणसांना रांधून तिनं घातलं. रातच्याला ती फिल्म घेऊन बसत होती ती तिच ना? तिला काय पाहिजे होतं, ते पिक्चरमध्ये आलं का? का मलाच दिसलं नाही?”

मैत्रिणींनो, माझ्याकडे समाजकार्याची पदवी आहे. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घरी येऊन मी सरस्वतीबाईंबद्दल मिळेल ते वाचलं. शाळेत पहिला पिक्चर कुणी काढला हा प्रश्न मला दरवर्षी होता. सरस्वतीबाईंचं नाव मात्र एकदाही आलं नव्हतं. ऐका त्यांनी काय काय केलं ते. पिक्चरसाठी स्वतःचे दागिने दिले. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक केला. दिवसा उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहिल्या, कारण मोठे दिवे नव्हते, नटांच्या तोंडावर उजेड पाडायला चादरीवरून ऊन परतवायचं. आणि रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोकं पाडली. तेव्हा फिल्म कोरी यायची. कडेला एकसारखी भोकं असल्याशिवाय ती मशीनमध्ये पुढं सरकत नाही. उजेडात पाडली तर फिल्म खराब. म्हणून अंधारात, हाताच्या अंदाजानं. फिल्म धुण्याची रसायनं मिसळायलाही त्या शिकल्या. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी होती सुमारे ३७०० फूट. आपण एक फाटलेली गोधडी शिवायला बसलो तरी मान दुखते. ३७०० फूट म्हणजे किती, विचार करा.

हे सगळं त्यांनी फक्त नवऱ्यासाठी केलं, का त्यांनाही त्या कामाची गोडी लागली होती? मला वाटतं, गोडीशिवाय माणूस रसायनं शिकत नाही. पण हे माझं वाटणं झालं.

ताईंचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना. पुढच्या आठवड्यात मी एका गटाची कर्ज नोंदवही तपासत होते. तुम्हाला माहीत आहे, त्यात एक रकाना असतो, ‘कर्जाचं कारण’. एरवी मी रक्कम, हप्ता, व्याज बघते, बेरीज लावते आणि सही करते. त्या दिवशी पहिल्यांदा तो रकाना वरून खालपर्यंत वाचला. मुलाच्या कॉलेजची फी. नवऱ्याच्या मोटारसायकलचं डाऊन पेमेंट. बी-बियाणं आणि खत. सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. नणंदेचं बाळंतपण. पुन्हा बी-बियाणं. दिराचं लग्न. सगळं पान भरलं आणि शेवटून दुसऱ्या ओळीत एक नोंद होती, ‘शिलाई मशीन, स्वतःसाठी’. ‘स्वतःसाठी’ हा शब्द नंतर वेगळ्या शाईनं लिहिलेला होता. सचिवताईंना विचारलं तर म्हणाल्या, “कुणासाठी म्हणून विचारलं मी. ती लाजली अन् म्हणाली, माझ्याचसाठी.”

आता गैरसमज करून घेऊ नका. मुलाची फी, सासऱ्यांचे डोळे, शेतातलं बी, ही कामं करायलाच पाहिजेत. आपला गट त्यासाठीच आहे. सावकाराच्या दारात जायचं वाचलं, हे काय कमी आहे? मला एवढंच खटकलं की सही आपली, हप्ता आपला, बैठकीत ऐकून घ्यायचं आपण, आणि कारणाच्या रकान्यात आपण कुठंच नाही.

आणि दुसऱ्याच्या बायकांचं काय सांगते, त्या रकान्यात माझं स्वतःचं नाव आहे. ही गोष्ट मी आजपर्यंत कुणाला सांगितलेली नाही.

माझं गाव भोकरदनकडचं. पदवी झाल्यावर मला अधिकारी व्हायचं होतं. औरंगपुऱ्यात क्लास लावला, अभ्यासिकेत जागा घेतली, तीन मुलींत एक खोली. फीला पैसे नव्हते. आईनं तिची बोरमाळ सराफाकडे गहाण टाकली. तिच्या आईनं तिला दिलेली बोरमाळ. मी दोनदा परीक्षा दिली. दुसऱ्या वेळी थोड्या मार्कांनी राहिलं. मग हे काम मिळालं. गावात कुणी विचारलं की आई सांगायची, “साहेबीण होणार आहे, सध्या तात्पुरती नोकरी करते.” ते ‘तात्पुरती’ ऐकलं की मला जमिनीत जावंसं वाटायचं. सणाला घरी गेले की मी आईच्या गळ्याकडे बघतच नव्हते.

म्हणून तो पिक्चर बघताना सगळ्या हसत होत्या तेव्हा मला दुसरंच वाटत होतं. फाळक्यांचा पिक्चर चालला, म्हणून सरस्वतीबाईंच्या दागिन्यांची गोष्ट झाली. पिक्चर पडला असता तर? तर त्यांना कुणी काय म्हटलं असतं? आणि खरं सांगायचं तर पुढं फाळक्यांचंही सगळं सुरळीत झालं नाही. त्यांनी खूप पिक्चर काढले, ‘लंका दहन’सारखे गाजले, पण भागीदाऱ्या तुटल्या, पैसा टिकला नाही. १९४४ साली नाशिकला ते गेले तेव्हा श्रीमंत नव्हते. पिक्चरवाले गोष्ट १९१३ ला संपवतात. आपल्याला मात्र १९१४ चे हप्तेही भरायचे असतात.

शेवटी मी एका रात्री आईला फोन केला. म्हटलं, “आई, तुझी बोरमाळ माझ्यामुळं गेली.” ती म्हणाली, “कुठं गेली? कपाटात हाय.” मला कळेचना. तेव्हा समजलं की तिनं वर्षापूर्वीच तिच्या गटातून अंतर्गत कर्ज काढून सराफाचं देणं फेडलं होतं. गटाचं व्याज सराफापेक्षा कितीतरी कमी. दर महिन्याला हप्ता भरत होती. मला सांगितलं नाही, कारण मी म्हणे आधीच तोंड पाडून होते. आणि मी? मी रोज चार गावं फिरून बायकांना अंतर्गत कर्ज समजावून सांगते!

मग मी तिला तोच प्रश्न विचारला. “आई, तुला काय पाहिजे होतं गं? तुझं काय स्वप्न होतं?” ती हसली. म्हणाली, “झोप आता, उद्या तुला फिरतीवर जायचंय.” फोन ठेवला.

दोन दिवसांनी तिनंच फोन केला. “ते तू विचारलं होतंस ना... मला पिठाची गिरणी टाकायची. लहानपणापासून डोक्यावर दळण घेऊन दुसऱ्याच्या गिरणीत उभी राहते मी. लाईट गेली की पुन्हा घरी, पुन्हा दुसऱ्या दिवशी. आपली गिरणी पाहिजे. अन् पाटीवर माझं नाव पाहिजे. तुझ्या बापाचं नाही.”

माझी आई पन्नाशीची आहे. हे वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

आता मी परत त्या पिक्चरकडे येते, कारण एक गोष्ट सांगायची राहिली. मला आशा वाटली ती याच गोष्टीतून.

फाळक्यांना पैसे उभे करायचे होते. लोक विचारत, हा माणूस सांगतो ते होणार तरी का? नुसतं बोलून कोण पैसे देतो? तेव्हा त्यांनी एक वाटाणा पेरला. हो, साधा वाटाणा, कुंडीत. समोर कॅमेरा ठेवला आणि थोड्या थोड्या वेळानं एकेक चित्र घेत राहिले, महिनाभर. मग ती सगळी चित्रं सलग दाखवली. पडद्यावर मातीतून अंकुर वर आला, पानं फुटली, वेल डोलायला लागला, बघता बघता. बघणाऱ्यांना जादू वाटली. त्या छोट्या फिल्मचं नाव ‘अंकुराची वाढ’. ती बघून पैसे देणारे तयार झाले.

त्या महिन्यातला कुठलाही एक दिवस घ्या. त्या दिवशी कुंडीकडे बघितलं असतं तर काय दिसलं असतं? काहीच नाही. काल होता तसाच वाटाणा. आपल्या गटाचंही असंच आहे. एका आठवड्याची बचत बघितली तर वाटतं, यानं काय होणार? पण ज्या गटांना सात-आठ वर्षं झाली, त्यांनी आज रात्री आपलं पहिलं इतिवृत्त काढून वाचा. पहिल्या पानावर किती अंगठे आहेत, आणि आज किती सह्या आहेत ते बघा. पहिल्या बैठकीला कोण डोक्यावरचा पदर ओढून कोपऱ्यात बसली होती आणि आज बँकेत मॅनेजरसमोर खुर्ची ओढून कोण बसते, ते आठवा. एकेक चित्र आपणच काढलंय. सलग कधी बघितलं नाही, एवढंच.

माझे ते दोन वर्षांचे मार्कही मी आता असेच बघते. तो अभ्यास वाया गेला असं मला वाटायचं. पण तुमच्या कर्जाच्या अर्जात बँक काय चुका काढते हे मला लगेच कळतं, शासनाचा निर्णय वाचून मी तुम्हाला सोप्या भाषेत सांगू शकते, ते त्याच अभ्यासिकेत शिकले. आईनं जे पेरलं ते उगवलं, फक्त पाटीवर ‘साहेबीण’ लिहिलेलं नाही.

तर मैत्रिणींनो, दागिने मोडा, घर विका असं मी कुणाला सांगत नाही. उलट सांगते, आधी वाटाणा दाखवा. कुणाचंही स्वप्न असो, नवऱ्याचं, मुलाचं की स्वतःचं, कर्जाच्या कागदावर सही करायच्या आधी तीन प्रश्न विचारा. पहिला, हे स्वप्न नेमकं कुणाचं आहे, आणि त्यात माझा वाटा काय, नाव कुणाचं लागणार? दुसरा, छोटं करून बघितलंय का? पापडाची मशीन घ्यायची असेल तर आधी हातानं पाच किलो करा, आठवडी बाजारात विका, काय उरलं ते वहीत लिहा. शेळीपालन करायचं असेल तर आधी दोन शेळ्या, एक पावसाळा. तिसरा, नाही जमलं तर हप्ता कुठून भरायचा? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर थोडं थांबा. थांबणं म्हणजे स्वप्न सोडणं नाही.

माझ्या आईनं हेच केलं. तिनं लगेच गिरणी घेतली नाही. आधी महिनाभर शेजारच्या गिरणीवाल्या काकांकडे सकाळी दोन तास बसली. दिवसाला किती दळणं येतात, वीजबिल किती येतं, दगडाला टाकी कधी मारायची, सगळं शिकली. आता तिचा अर्ज ग्रामसंघात आहे. मंजूर होईल का, गिरणी चालेल का, हे मी सांगू शकत नाही. पण कर्जाच्या कारणाच्या रकान्यात तिनं स्वतःच्या हातानं लिहिलंय, ‘पिठाची गिरणी, स्वतःची’. त्याच शाईनं.

सरस्वतीबाई पडद्यावर दिसल्या नाहीत. त्या पहिल्या पिक्चरमध्ये तारामतीसुद्धा पुरुषच होता. पण फाळक्यांच्या पुढच्याच पिक्चरमध्ये, ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये, दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, दोघी मायलेकी पडद्यावर आल्या. पहिल्यांदा. लोकांनी तेव्हाही नावं ठेवलीच असतील. त्यांनी काम केलं.

आता माझी एकच विनंती आहे. पुढच्या आठवड्याच्या बैठकीत बचत गोळा झाली, परतफेड झाली की पाच मिनिटं काढा. प्रत्येकीनं एकच गोष्ट सांगायची, ‘मला स्वतःसाठी काय पाहिजे’. मोठं असू दे, छोटं असू दे. गिरणी असू दे, सायकल शिकायची असू दे, दहावीची परीक्षा द्यायची असू दे, एकदा पंढरपूरला एकटीनं जायचं असू दे. कुणी हसायचं नाही. हसलात तरी चालेल, पण सचिवताईंनी ते इतिवृत्तात लिहायचं, नावासकट, तारखेसकट. जिला काहीच सुचणार नाही तिच्यासमोर जागा कोरी ठेवा. माझ्या आईलाही दोन दिवस लागले होते.

आणि सुरुवात मीच करते, नाहीतर तुम्ही म्हणाल मॅडम नुसतं सांगतात. माझं लिहून घ्या. मी या वर्षी परीक्षेचा फॉर्म परत भरलाय. या वेळी बोरमाळ नाही, माझ्या पगारातून. पहाटे पाच ते सात अभ्यास, मग तुमच्या गावाला. निकाल काय लागेल ते पुढच्या वार्षिक सभेत इथंच उभी राहून सांगेन. पास झाले तरी, नापास झाले तरी.

त्या दिवशी मागून प्रश्न विचारणाऱ्या ताई आज आल्यात. त्यांनी मला सांगितलंय, नाव घेऊ नका म्हणून, त्यामुळं घेत नाही. पण ताई, तुमच्या गटाची बैठक मंगळवारी आहे. मी येणार आहे. तुमचं काय आहे ते मला ऐकायचंय.

चला, एसटीची वेळ झाली. सगळ्या नीट घरी पोचा.